संघाला पेन्शन नसते

मार्चअखेरची कामं उपसत बसले होते. रोजकीर्द, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, टाचणीला गंज चढलेली व्हाउचरं, सगळं टेबलावर पसरलेलं. पंखा लावला की कागद उडतात आणि नाही लावला की घामाचे थेंब खतावणीवर पडतात, अशी ती एप्रिलची सकाळ. तेवढ्यात काकू आल्या. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अगदी जुन्या सभासदांपैकी एक. नव्वदी ओलांडलीय, ऐकायला कमी येतं, पण पेपरातलं शब्दकोडं अजून पेनाने सोडवतात. पेन्सिल घेणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी दम खाल्ला, पिशवीतून छोटी पिशवी काढली, तिच्यातून रुमाल, आणि रुमालाच्या गाठीतून पाचशेची एक नोट आणि रुपयाचं नाणं. दोन्ही माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "माझी आजीव वर्गणी परत एकदा घे. पहिली संपली असेल आता."

मला हसू आलं. "काकू, आजीव म्हणजे जन्मभराची. ती कशी संपेल?" मी जरा मोठ्याने म्हणाले. "तुझ्या वहीत नसेल संपत," त्या म्हणाल्या, "पण मी भरली तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं मी इतकी टिकेन म्हणून." नियमात दोनदा आजीव वर्गणी घ्यायची सोय नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. मग देणगी म्हणून पावती फाडते, असंही म्हटलं. तर त्या चक्क रागावल्या. "देणगी कशाला? देणगी देणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिता तुम्ही. मी रोज येऊन पेपर वाचते, पंख्याखाली बसते, त्याचे पैसे भरायला आले आहे." आणि पंचिंग मशीनखाली नोट सारून, नाणं वर ठेवून, काठी टेकत त्या वाचनाच्या टेबलाकडे निघूनही गेल्या. मी ते पैसे पाकिटात घालून वर तारीख टाकली आणि पेटीत ठेवले. कोणत्या खात्याला जमा करायचे, ते काही सुचेना. पुढचे कित्येक दिवस पेटी उघडली की ते पाकीट हाताला लागायचं.

मी बँकेत होते. निवृत्तीनंतर अशा बाईकडे कुठल्याही संस्थेचं कोषाध्यक्षपद आपोआप चालत येतं, तसं ते माझ्याकडे आलं. आधीच्या कोषाध्यक्षांनी काचबिंदूमुळे काम सोडलं आणि माझ्या ताब्यात एक पत्र्याची ट्रंक, किल्ल्यांचा जुडगा आणि एक वाक्य दिलं. "मॅडम, एवढं लक्षात ठेवा, संघाला पेन्शन नसते." हा गृहस्थ आलेल्या पत्रांची पाकिटं उसवून, उलटी करून, पुन्हा चिकटवून वापरायचा. सहलीच्या हिशेबात साडेतीन रुपये जास्त लागले तर टिपण लिहायचा. त्यांच्यामागे आम्ही त्यांच्या चिक्कूपणाच्या गोष्टी सांगत असू, पण संघाचा कायम निधी उभा राहिला तो त्यांच्याच कारकिर्दीत, हेही सगळ्यांना माहीत आहे.

काकूंच्या नोटेने मला ती ट्रंक पुन्हा उघडायला लावली. आतमध्ये स्थापनेपासूनचे वार्षिक अहवाल. सुरुवातीचे सायक्लोस्टाइल केलेले, जांभळट शाईचे, हाताला अजून किंचित खरखरीत लागणारे, मग ट्रेडल छपाईचे, मग डीटीपी, आणि अलीकडचे गुळगुळीत कागदावरचे, ज्यात हिशेबापेक्षा फोटो जास्त. मी ते जमिनीवर सालवार मांडले. ताळेबंद दरवर्षी वाचला जातो, दरवर्षी कोणीतरी "मंजूर, मंजूर" म्हणतं आणि लोक चहाकडे वळतात. एका वर्षाच्या ताळेबंदावरून तसंही काही कळत नाही. शिल्लक आहे ना, मग झालं. पण ओळीने मांडले की ते बोलायला लागतात आणि काही बाबतींत नको तेही सांगतात.

काकू ज्या वर्षी सभासद झाल्या त्या वर्षीच्या अहवालात वार्षिक वर्गणी २४ रुपये आणि आजीव वर्गणी ५०१ रुपये अशी छापलेली आहे. ते नव्वदच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. तीन वर्षांवरच्या मुदत ठेवीला तेव्हा बँका १३ टक्क्यांपर्यंत व्याज देत. मी स्वतः काउंटरवर बसून तशा पावत्या लिहिल्या आहेत. म्हणजे ५०० रुपयांवर वर्षाला ६५ रुपये. वार्षिक सभासदापेक्षा आजीव सभासद संघाला अडीचपटीहून जास्त मिळवून देत होता आणि मुद्दल शाबूत राहत होतं. ज्याने कोणी हे गणित मांडलं असेल त्याला मानलं पाहिजे. पण त्या गणितात दोन गोष्टी गृहीत होत्या. व्याज असंच राहील आणि माणसं फार वर्षं राहणार नाहीत. दोन्ही उलट झालं. २०२० साली तीच ठेव पाच-साडेपाच टक्क्यांवर आली. ५०० रुपयांवर २७ रुपये. तेवढ्यात आज एका माणसाचा पेपर आणि चहा किती दिवस निघेल, ते तुम्हीच बघा. आणि साठी गाठलेला माणूस आपल्याकडे सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षं जगतो; त्यातून पेन्शन, औषधपाणी आणि सकाळचं फिरणं असलेली आमच्यासारखी माणसं त्याहून जास्त. विमा कंपन्यांत असली गणितं मांडायला पगारी तज्ज्ञ ठेवतात. आमच्याकडे कार्यकारिणी होती, आणि तिच्यात सगळेच आशावादी.

आणखी एक गोष्ट त्या ओळीत दिसली. आजीव वर्गणी खरं म्हणजे कायम निधीत जायची. ते मुद्दल, त्याला हात लावायचा नाही. पण मधल्या काही वर्षांत ती सरळ उत्पन्नात धरलेली आहे. कोणत्या वर्षांत, तर ज्या वर्षी तूट येणार असं दिसत होतं त्या. त्याच अहवालांत सचिवांच्या मनोगतात "आजीव सभासद वाढवा मोहिमेला उत्स्फूर्त प्रतिसाद" अशी वाक्यं आहेत. म्हणजे वीस वर्षं सांभाळायच्या माणसांचे पैसे घेऊन त्या वर्षीचं वीजबिल भरलं आणि वर टाळ्याही घेतल्या. पुढे एका हिशेब तपासनीसाने शेरा मारल्यावर ते थांबलं. मी कोणाला दोष देत नाही. त्या वेळी तूट दाखवणं म्हणजे संस्था बुडाल्याची दवंडी पिटण्यासारखं वाटत असणार. अजूनही वाटतं.

बँकेत असताना एक गंमत माझ्या कधी लक्षात आली नव्हती, ती टेबलाच्या या बाजूला बसल्यावर आली. साठी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला बँक ठेवीवर अर्धा टक्का जास्त देते. आमच्या संघातला प्रत्येक सभासद साठीपुढचा. पण त्या सगळ्यांचा मिळून जो संघ, त्याला तो अर्धा टक्का नाही, कारण संघ ही व्यक्ती नव्हे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ पासून आहे, तीही व्यक्तींसाठीच. शिवाय सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातल्या कलम ३५ मुळे पैसा कुठे ठेवायचा यालाही कुंपण आहे. शेड्यूल्ड बँक, पोस्ट, सरकारी रोखे, शासनमान्य सहकारी बँक. कुंपण योग्यच आहे. दुसऱ्याचा पैसा जुगारात जाऊ नये. पण कुंपणाच्या आतही खड्डे असतात. माझ्या आधीच्या काळात अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या लोभाने संघाची मोठी ठेव एका सहकारी बँकेत होती आणि त्या बँकेवर निर्बंध आले. तेव्हा ठेवींचं विमासंरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला एक लाखापुरतंच होतं. ते पाच लाखांवर गेलं ४ फेब्रुवारी २०२० ला. आमचे पैसे कालांतराने मिळाले, तुकड्यातुकड्यांनी. गंमत म्हणजे त्या वेळच्या कार्यकारिणीतल्या एकाही माणसाने स्वतःच्या ठेवी एका बँकेत ठेवल्या नव्हत्या. चार-चार बँकांत विभागलेल्या, प्रत्येकीचं नामांकन केलेलं, पावत्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. संघाची मात्र सगळी एकाच ठिकाणी, कारण ती शाखा अध्यक्षांच्या घराजवळ.

धर्मादाय आयुक्तांकडे जे हिशेब जातात त्यांचा ठरलेला साचा आहे. अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद, अनुसूची नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. ज्यांनी कधी भरली नसेल त्यांनी एकदा नववी अनुसूची वाचून बघावी. मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचं मानधन, कायदेशीर खर्च, हिशेब तपासणी शुल्क, घसारा अशी खाली खाली जाणारी यादी. विश्वस्तांच्या मानधनापुढे आमच्याकडे स्थापनेपासून "निरंक" आहे. ते वाचताना सभेत अध्यक्ष जरा थांबतात, म्हणजे लोकांना कौतुकाला वाव मिळावा. पण अहवाल ओळीने मांडून बसले तेव्हा मला वाटलं, या ताळेबंदातला सगळ्यात मोठा आकडा हा "निरंक"च आहे. वाचनालयाच्या नोंदी ठेवणारे निवृत्त मास्तर, दर गुरुवारी रक्तदाब तपासणारे डॉक्टर, महापालिकेने नाममात्र भाड्याने दिलेली पहिल्या मजल्यावरची खोली, आणि मी. यातलं काहीच कुठल्या स्तंभात नाही. उद्या डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले तर आमचं काय बिघडलं, ते कोणत्याही अनुसूचीत दिसणार नाही. शिल्लक तेवढीच राहील.

पगार घेणारी एकच व्यक्ती, मावशी. सकाळी कुलूप उघडते, झाडते, पाणी भरते, पेपर मांडते, चहा करते, आणि कोण आलं नाही हे आमच्या हजेरीपुस्तकाच्या आधी तिला कळतं. एकदा एक काका सलग आले नाहीत तेव्हा तिनेच घरी जाऊन दार वाजवलं होतं. आस्थापना खर्चाच्या शीर्षकाखाली ती आहे. ताळेबंद न वाचता मंजूर करणारी आमची सभा तिच्या पगारवाढीवर मात्र पाऊण तास बोलते. बोलणारे बहुतेक असे की ज्यांना स्वतःला सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाचा फरक मिळालेला आहे. त्यातला एकजण मला नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तिला द्यायला माझी ना नाही हो, पण पायंडा पडतो." ग्रॅच्युइटीचा कायदा दहा माणसांपासून पुढे लागू होतो, आमच्याकडे माणूस एक. ती स्वतः आता साठीकडे झुकलीय. दोनेक वर्षांत ती आमची सभासद व्हायला पात्र होईल, असा विनोद कोणीतरी केला होता आणि तीसुद्धा हसली होती.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही, असं वाटत होतं. देणग्यांचा स्तंभ मी सालवार उतरवून काढला. पहिल्या दहा-बारा वर्षांत देणग्या सभासदांच्या: षष्ट्यब्दीनिमित्त, नातवाच्या बारशानिमित्त, मुलीला नोकरी लागली म्हणून. मग हळूहळू "कै." हे अक्षर यायला लागतं. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, त्यांच्या कुटुंबीयांकडून. अलीकडच्या पानांवर तर तेच बहुसंख्य. म्हणजे ज्या वर्षी आमची जास्त माणसं गेली, त्या वर्षी संघाचं उत्पन्न चांगलं. वेगळ्या वह्यांत असल्याने हे कधी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही; श्रद्धांजलीची वही सचिवांकडे आणि पावतीपुस्तक माझ्याकडे.

सगळ्यात उत्तम वर्ष २०२०-२१.

माझ्या हातचा तो पहिलाच ताळेबंद. मार्च २०२० मध्ये केंद्राला कुलूप लागलं ते लागलंच. सहल नाही, कोजागिरी नाही, वर्धापनदिनाचं जेवण नाही, पेपर बंद, विजेचं किमान बिल. मावशीला पूर्ण पगार द्यायचा की अर्धा, यावर फोनाफोनी झाली आणि सुदैवाने पूर्ण द्यायचं ठरलं. बाकी खर्च जवळजवळ शून्य. आणि जमेच्या बाजूला स्मरणार्थ आलेल्या रकमा, एकामागून एक, बऱ्याचशा ऑनलाइन. कारण मुलं लांब होती आणि येऊ शकली नव्हती. एका मुलाने वडिलांच्या नावाने बरीच मोठी रक्कम पाठवायची तयारी दाखवली. त्याच्याकडे परदेशी नागरिकत्व. भारतीय पासपोर्टवर तिकडे राहणाऱ्याची देणगी चालते, पण नागरिकत्व बदललं की, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा परकीय ठरतो आणि आमच्याकडे परकीय देणगी घ्यायला लागणारी एफसीआरएची नोंदणी नाही. हे त्याला फोनवर समजावून सांगताना माझीच जीभ अडखळत होती. "म्हणजे माझ्या बाबांसाठी मी फॉरेन सोर्स?" असं तो म्हणाला. रागाने नाही, थकून म्हणाला. त्या वर्षीची शिल्लक संघाच्या इतिहासातली सर्वांत मोठी आहे. सभा ऑनलाइन झाली. अध्यक्षांनी आकडा वाचला आणि कोणीतरी माइक बंद करायला विसरलेलं, त्याने "वा!" म्हटलं.

आणि त्या शिलकीने लगेच डोकेदुखी आणली. धर्मादाय संस्थेने उत्पन्नातला ८५ टक्के भाग आपल्या उद्देशांवर खर्च करावा, अशी तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ११ ची अपेक्षा होती. करता आला नाही तर कोणत्या कामासाठी राखून ठेवताय ते फॉर्म १० भरून सांगा आणि पाच वर्षांत त्याच कामावर खर्च करा. आमचे सीए फोनवर विचारत होते, "उद्देश काय लिहू?" मला हा प्रश्न फार आवडला. सरकारच विचारतंय, तुम्ही हे पैसे जमवताय कशासाठी? कार्यकारिणीत हा विषय काढला तर सगळ्यांचं एकच उत्तर: अडीअडचणीसाठी. अडीअडचण हा उद्देश फॉर्मात चालत नाही. शेवटी "ज्येष्ठांसाठी वैद्यकीय व इतर सुविधा" असं काहीतरी लिहिलं. पाच वर्षं तेव्हा खूप लांब वाटत होती.

इमारत निधीची कथा तर याहून जुनी. संघाची स्वतःची वास्तू व्हावी म्हणून संस्थापकांच्या काळात विटांच्या नावाने पावत्या फाडल्या होत्या. भूखंडासाठी अर्ज, स्मरणपत्रं, नगरसेवकांच्या भेटी, फोटो. भूखंड आला नाही. निधी मात्र आहे, ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, "इतर राखीव निधी" या शीर्षकाखाली, व्याज मिळवून फुगलेला आणि महागाईने आतून पोकळ झालेला. ज्यांनी विटांचे पैसे दिले त्यातले बहुतेक आता नाहीत. म्हणून तो दुसरीकडे वापरायला त्यांची परवानगी कोणाकडे मागणार? दरम्यान, आमच्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्याला एका बाजूला कठडा आहे आणि दुसऱ्या बाजूला भिंत. भिंतीच्या बाजूने धरायला काही नाही. सभासद कमी झाले ते सगळे स्वर्गवासी झाले म्हणून नव्हे. गुडघ्यांमुळे घरी बसलेलेही त्यात पुष्कळ. जिना महापालिकेचा, तेव्हा पाइप बसवायलाही तिकडूनच परवानगी. अर्ज दिलेला आहे.

वर्गणी का वाढवत नाही, असं बाहेरचे लोक विचारतात. विचारणं सोपं आहे. आमच्या सभागृहात खुर्च्यांच्या दोन बाजू आहेत, अर्थात कोणी मुद्दाम तशा मांडत नाही. एका बाजूला सरकारी पेन्शनवाले, ज्यांचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत वाढतो. दुसऱ्या बाजूला खासगी कारखान्यांतून, गिरण्यांतून, दुकानांतून निवृत्त झालेले, ज्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडासोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये महिना हजार रुपये झाली. तिला महागाई भत्ता नाही. वर्गणी शंभराने वाढवायचा ठराव आला की पहिली बाजू म्हणते "शंभर रुपयांत काय येतं आजकाल!" आणि दुसरी बाजू काहीच म्हणत नाही. पुढच्या वर्षी त्यांतली दोन-चार माणसं दिसत नाहीत. तब्येतीचं कारण सांगतात. काकूंचे यजमान कारखान्यात होते. काकूंना विधवा पेन्शन मिळते, म्हणजे यजमानांच्या पेन्शनच्या निम्मी. त्या नोटेचं वजन मला हे कळल्यावर कळलं.

आणि नवे साठीतले येत नाहीत. माझ्या वयाचे लोक म्हणतात, "अजून आम्ही म्हातारे नाही झालो." त्यांचे ट्रेकचे ग्रुप आहेत, योगाचे आहेत, अर्धे तर सल्लागार म्हणून नोकरीच करतायत. त्यांना नावाची नोंद, पावती, इतिवृत्त हा सगळा सोपस्कार जुनाट वाटतो. खोटं कशाला बोलू, मलाही कधीकधी वाटतो. धर्मादाय कार्यालयात मागच्या दोन निवडणुकांचे बदल अर्ज अजून प्रलंबित आहेत, त्यामुळे कागदोपत्री आमच्या संघाचा कारभार अशा माणसांच्या हाती आहे ज्यांच्यातल्या एकाच्या स्मरणार्थ देणगी येऊन गेली.

काकूंच्या पाकिटाकडे सीएंकडे आर्टिकलशिप करणाऱ्या शिकाऊ मुलाचं लक्ष गेलं. रोकड मोजताना त्याला पाचशे एक जास्त भरत होते. मी सगळं सांगितलं. त्याने पेन कानामागे खोचलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या सेवा वापरतात आणि त्याचे पैसे देतात. चालू वर्षाची वार्षिक वर्गणी म्हणून घ्या, उरलेली पुढच्या वर्षांसाठी आगाऊ जमा. त्यात काय?" आजीव सभासदाकडून वार्षिक वर्गणी घेऊ नये असं आमच्या घटनेत कुठे लिहिलंय का, असंही विचारलं. नव्हतं लिहिलेलं. पावती घेऊन गेले तर काकूंनी ती चष्म्याजवळ धरून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली आणि "आगाऊ" या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मला अजून येत राहायला हवं."

यंदाच्या अंदाजपत्रकात मी तूट दाखवली. आमच्या संघात पहिल्यांदाच. खर्चाच्या बाजूला तीन नव्या गोष्टी: परवानगी आली की जिन्याला दुसरा कठडा, शौचालयात धरायचे दांडे, आणि मावशीच्या नावाने दरमहा वेगळी रक्कम, तिने काम सोडलं की तिला द्यायची. पैसे राखून ठेवलेल्या शिलकीतून. ज्या कामासाठी राखले असं सरकारला लिहून दिलंय, त्यातच पहिल्या दोन गोष्टी बसतात आणि मुदतही संपत आलीय. नव्याने आजीव सभासद करणं थांबवावं, हा ठरावही सोबत जोडला. सभेत पेपर वाचत बसलेल्यांनीसुद्धा घडी घालून ठेवली. "संघ बुडवायला निघालात का?" असं अध्यक्षांनी हसत विचारलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. एक माजी मुख्याध्यापक म्हणाले, की तूट हा शब्द मुलांच्या पेपरातही लाल शाईने लिहावा लागतो. कोणीतरी म्हणालं, दहा वर्षांनी इथे कोण असणार आहे? आणि त्या वाक्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो हे लक्षात येऊन सगळेच एकदम बोलायला लागले.

मग आधीचे कोषाध्यक्ष उठले. त्यांना आता समोरचं नीट दिसत नाही, आवाजाच्या दिशेने बोलतात. त्यांनी माझ्यावर टीका केली नाही. फक्त एवढंच विचारलं, की सरकारी अनुदान आपल्याला नाही, खोलीचा करार महापालिका केव्हाही संपवू शकते, व्याज खाली चाललंय, अशा वेळी मुद्दलाच्या जवळ हात नेणं शहाणपणाचं आहे का? "संघाला पेन्शन नसते," ते पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, "मावशीलाही नसते, सर." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "तो मुद्दा वेगळा आहे." वेगळा आहेच. तिच्यासाठी वेगळी वर्गणी काढा, संघाच्या निधीतून नको, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यातही तथ्य होतं. आज तिच्यासाठी केलं की उद्या कुठल्याही चांगल्या कारणासाठी करता येतं, आणि चांगल्या कारणांना अंत नसतो.

अंदाजपत्रकाचा ठराव बहुमताने संमत झाला, एकमताने नाही. कठड्याला आणि दांड्यांना कोणाचा विरोध नव्हता. मावशीची रक्कम एका वर्षापुरती मंजूर झाली, पुढच्या सभेत पुन्हा आणायच्या अटीवर. आजीव वर्गणी बंद करायचा ठराव आणखी विचारासाठी उपसमितीकडे गेला, म्हणजे तिथेच राहील. विरोध करणाऱ्यांची नावं इतिवृत्तात लिहा, असं आधीच्या कोषाध्यक्षांनी मला दोनदा बजावलं. त्यांच्या काळात तशीच पद्धत होती. मी लिहिली. पहिलं नाव त्यांचं. सभा संपल्यावर त्यांना जिन्यावरून खाली नेताना त्यांनी माझ्या कोपराला धरलं होतं आणि चालता चालता विचारत होते, फॉर्म १० ची मुदत नक्की कधी संपते, व्याजातून कापून गेलेला टीडीएस परत मागितला का, आणि पाकिटं अजून उलटी करून वापरता ना.